खुलासेबाई आणि दुसऱ्याची आई

आमच्या दैनिकात चुका करायला पुष्कळ माणसं होती, त्या निस्तरायला मात्र एकच बाई. तिला सगळे खुलासेबाई म्हणायचे. जिन्याखालचं टेबल, त्यावर एक फोन, आणि मागे जुन्या अंकांचे गठ्ठे. कुणाच्या फोटोखाली भलत्याचंच नाव गेलं, एखाद्या धडधाकट माणसाला आम्ही 'दिवंगत' करून टाकलं, की लोक तणतणत तिच्यापुढे येऊन उभे राहायचे.

तिची एक पद्धत होती. खुलासा छापण्याआधी ज्याचं नुकसान झालं त्याला ती तो फोनवर वाचून दाखवायची. त्याने 'ठीक आहे' म्हटलं तरच मजकूर छपाईला जायचा. मी शेजारच्या टेबलावर बातम्यांची काटछाट करायचो आणि माझं पान तिच्यापायी अडून राहायचं. एकदा वैतागून म्हणालो, "अहो, चार ओळींसाठी किती हे लाड?"

"चूक आपण त्यांना विचारून केली नव्हती," ती म्हणाली. "दुरुस्ती तरी विचारून करू या."

तिचा धाकटा भाऊ आमच्याच पेपरातला बडा लेखक. रविवारी पहिल्या पानावर त्याचा लेख, संध्याकाळी टीव्हीवर मंत्र्यांना सचोटीचे धडे. मला तो कधीच आवडला नाही. हे आधीच सांगून टाकतो, उगाच कुणी मला निःपक्षपाती समजायला नको.

त्यांची आई गेली तेव्हा त्याने तिच्यावर लेख लिहिला. आई खिडकीशी बसून हलक्या आवाजात गाते, आजारपणात मुलाचा हात छातीशी धरून म्हणते, "तू आलास की मला दुखत नाही." लोक वाचून ढसाढसा रडले. पुढे तो लेख शाळेच्या पुस्तकातही गेला.

खुलासेबाई रडली नाही. त्या आईचं अंथरुणातलं सगळं शेवटपर्यंत तिनेच केलं होतं. म्हातारी फटकळ. "पाणी गार का आणलंस?" "चमचा नीट धर!" लेकीच्या वाट्याला याहून गोड शब्द कधी आला नाही. धाकटा अधूनमधून पाहुण्यासारखा डोकावून जायचा. लेख वाचून ती मला एवढंच म्हणाली, "म्हणजे आईला येत होतं गोड बोलायला. फक्त माझ्याशी बोलायचं नव्हतं." त्यानंतर तिने आईचा विषय बंद केला. घरातला फोटोसुद्धा भिंतीवरून काढून कपाटात टाकला.

बऱ्याच वर्षांनी एक बाई जिन्याखाली आली. दवाखान्यात परिचारिका होती, आता निवृत्त. हातात कधीच बंद पडलेल्या एका मासिकाचा अंक. तिची नात शाळेचा धडा मोठ्याने वाचत होती, आणि स्वयंपाकघरात ते ऐकून हिच्या हातातलं भांडं पडलं होतं. "हे मी लिहिलंय," ती म्हणाली. "ही माझी आई आहे."

खुलासेबाईने अंक वाचला. खिडकी तीच, गाणं तेच, हात छातीशी धरणंही तेच. धाकट्याने फक्त 'आलीस'चं 'आलास' केलं होतं.

मला वाटलं, ती आता भडकणार. तिने अंक मिटला आणि हळूच विचारलं, "तुमची आई खरंच गायची?"

"गायची की! भसाड्या आवाजात," परिचारिका हसली. "लिहिताना मी जरा सांभाळून घेतलं." खुलासेबाईही हसली, आणि हसता हसता दोघींचे डोळे भरून आले.

संपादकांनी खुलासा स्वतःच लिहून दिला. 'एका लेखातील काही मजकुराचे श्रेय नजरचुकीने द्यायचे राहून गेले.' लेख कुणाचा, कुठला, काही नाही. खुलासेबाईने फोन उचलून परिचारिकेला तो जसाच्या तसा वाचून दाखवला. पलीकडून प्रश्न आला, "यात माझी आई कुठे आहे?"

खुलासेबाई तडक संपादकांच्या केबिनमध्ये गेली. मीही मागोमाग गेलो, म्हटलं तर पाठिंब्याला, खरं तर तमाशा बघायला. धाकटा तिथेच बसलेला.

"त्या बाई हो म्हणत नाहीत," ती म्हणाली.

"त्यांना विचारून पेपर चालवायचा का आम्ही?" संपादक उखडले.

"पेपर नका चालवू. खुलासा आजवर सगळ्यांना विचारूनच गेलाय. माझ्या भावासाठी ते बदलायचं असेल तर उद्यापासून ते टेबल दुसऱ्या कुणाला द्या."

धाकटा कळवळला. "ताई, अगं घरातली गोष्ट आहे ही."

"घरातली असती तर झाकली असती. तू दुसऱ्याच्या घरात शिरलास."

संपादक बराच वेळ पेपरवेट फिरवत बसले. परिचारिका दुसऱ्या पेपरकडे गेली तर काय, हा विचार त्यांनी केला असणार. ते एकाएकी साधू झाले असं मला तरी वाटत नाही. शेवटी म्हणाले, "लिहा तुम्हीच."

तिने भावाचं नाव घालून लिहिलं. हा लेख त्यांचा नाही. यातली आई त्यांची नाही. मूळ लेखिकेची आणि तिच्या आईची आम्ही माफी मागतो. परिचारिकेने ऐकून घेतलं, हो म्हणाली, आणि लेख आला होता त्याच जागी, पहिल्या पानावर, खुलासा छापला गेला.

धाकट्याचा रविवार गेला, टीव्हीवाल्यांनी बोलावणं बंद केलं. काही दिवसांनी तो टेबलाशी येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली. "बाकीच्यांचं सोड. तू तरी मला वाचवायला हवं होतंस."

"का केलंस रे असं?"

"पान अडलं होतं, ताई. सगळे माझ्या लेखाची वाट बघत होते. लिहायला बसलो आणि आईचं काही आठवेचना. आणि खरं सांगू? आपल्या आईबद्दल लिहिण्यासारखं होतं तरी काय?"

खुलासेबाईचा चढलेला आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"होतं! कूस बदलता येत नव्हती, तरी मी कामावरून आल्याशिवाय डोळा मिटायची नाही. आले की ओरडायची, उशीर का केलास म्हणून. तिचं प्रेम तेवढंच होतं आणि ते माझं होतं. तुझा लेख वाचला आणि मला ते भिकार वाटायला लागलं. तुझ्या त्या चोरलेल्या आईपायी एवढी वर्षं मी माझ्या आईवर रुसून बसले रे!"

आम्ही सगळे माना खाली घालून काम करत असल्याचं सोंग करत होतो.

"त्या बाईंच्या आईची माफी मी छापली," ती म्हणाली. "माझ्या आईची मागायची आहे. ती कुठे छापू, सांग."