इंटरव्हलनंतरचा सिनेमा

घरातल्या पाच माणसांना एका वेळी घराबाहेर काढणं म्हणजे काय असतं, ते मला विचारा. एप्रिलचं ऊन, दुपारी तीनचा खेळ. नातीला लाल सँडलच पाहिजेत आणि त्यातला एक सापडत नाही. मुलगा आठवड्याची एकुलती एक सुट्टी म्हणून सोफ्यावर आडवा. सूनबाई कानात ते मोबाईलचं बोंडूक घालून ऑफिसशी बोलतेय. आणि माझ्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना घरात सगळे अक्काच म्हणतात, त्या घातलेल्या चपला पुन्हा काढून दारात बसलेल्या.

“मला नाय यायचं. माझी कंबर बसायच्या लायकीची राहिली नाय.”

“अक्का, खुर्च्यांना गाद्या आहेत तिथं.”

“असू दे. बघितलेला सिनेमा पुन्यांदा काय बघायचा? सगळा तर सांगितलाय तुला.”

सांगितला होता, तेच तर. आमचं घर तेव्हा औरंगपुऱ्यात, टॉकीजच्या मागच्या गल्लीत. आम्हा दोघींची मिळून पाच लेकरं, सासूबाई दम्याच्या, त्यांच्याजवळ कोणीतरी लागायचंच. दोघींनी एकदम बाहेर पडायची सोय नव्हती. मग आम्ही एका तिकिटावर अर्धा अर्धा सिनेमा बघायचो. अक्कांचा धाकटा दुपारी उशिरा झोपायचा, म्हणून पहिला अर्धा माझा. इंटरव्हलची घंटा झाली की मी पळत घरी यायची, दारातच तिकीट अक्कांच्या हातात द्यायची आणि त्यांच्या कडेवरचं लेकरू माझ्या कडेवर घ्यायची. दारावरचा माणूस आम्हाला ओळखायचा, हसून सोडायचा. संध्याकाळी पोळ्या करताना मी माझा अर्धा सांगायची, त्या त्यांचा. मी लाटायची, त्या भाजायच्या. अशी कितीतरी वर्षं गेली. मी एकाही सिनेमाचा शेवट बघितलेला नाही, आणि अक्कांनी एकाचीही सुरुवात.

त्यातल्या एका शेवटासाठी मात्र माझा जीव अडकलेला. एक सासुरवाशीण, नदीपलीकडं तिची आजारी आई, आणि सासरचे काही तिला पाठवत नाहीत. पुढचं अक्कांनी सांगितलेलं: एक दिवस ती पोरगी मळती कणीक परातीत तशीच टाकते, हात धुते आणि कोणाला न विचारता निघते. घाटाच्या पायरीवर आई बसलेली असते. दोघींची भेट होते.

तेव्हा माझी आई सिल्लोडला अंथरुणाला खिळलेली. दिवाळी झाल्यावर बघू, असं घरात चाललेलं. तो शेवट ऐकल्यावर तिसऱ्या दिवशी मीही कणीक परातीत टाकली, हात धुतले, सासूबाईंना म्हटलं, “मी सिल्लोडला चालले,” आणि एसटी गाठली. आईजवळ अकरा दिवस मिळाले. बाराव्या दिवशी ती गेली.

म्हणून मला तो शेवट एकदा माझ्या डोळ्यांनी बघायचा होता.

आपल्या शहरातल्या जुन्या टॉकीजा तर एकेक करून बंदच झाल्या. आता चार-पाच पोरापोरींनी मिळून एका बंद छापखान्याच्या वरच्या मजल्यावर छोटं थेटर काढलंय, रविवारी जुने सिनेमे लावतात. मुलानं मोबाईलवर त्याच सिनेमाची जाहिरात दाखवली तेव्हा माझी गवार निवडायची तशीच राहिली.

तर निघालो. दोन रिक्षा केल्या. लिफ्ट नाही. बावीस पायऱ्या, मी मोजल्या, कारण दर सहाव्या पायरीला थांबावं लागलं. वर पोचेपर्यंत मला वाटायला लागलं, कशाला हा उद्योग केला आपण.

सिनेमा सुरू झाला. अक्का पहिल्यांदाच सुरुवात बघत होत्या. थोड्या वेळानं मला कोपर मारलं.

“अगं, ही सासू एवढी वाईट नाय की! तू तर लई खाष्ट सांगितली होतीस.”

“मला तशीच दिसली होती तेव्हा.”

“दिसंल ना. घरी बघून जायचीस तीच.”

मागच्या रांगेतली पोरं खुसूखुसू हसली.

इंटरव्हलला दिवे लागले आणि मी उठून उभी राहिले. पिशवी काखेत, तिकीट हातात, पाय दाराकडं. सूनबाईला वाटलं बाथरूमला. मग माझं मलाच हसू आलं आणि खाली बसले. पण नातीनं भोकाड पसरलं होतं, तिला घरी जायचं होतं. मुलगाही जांभया देत म्हणाला, “आई, निघूया का? बाकीचा घरी मोबाईलवर शोधून देतो.”

अक्का तर उभ्याच. “व्हय, चला. कंबरेचा पार भुगा झाला.”

मी म्हटलं, “ज्यांना जायचं त्यांनी जा. मी नाही उठणार.”

सूनबाईनं माझ्याकडं बघितलं, कानातलं बोंडूक काढून ठेवलं आणि लेकीला घेऊन बाहेर गेली. मला फार वाईट वाटलं. तिचाही अर्धा सिनेमा गेला. तरी उठले नाही. अक्का हळूच खाली बसल्या.

शेवट आला. पोरगी कणीक मळत होती. दारात गडी निरोप घेऊन आला की आई गेली. पोरगीनं हात थांबवले. मग पुन्हा मळायला लागली. मळतच राहिली. पडद्यावर ती परात मोठी मोठी होत गेली आणि दिवे लागले.

घाट नाही, पायरी नाही, भेट नाही.

पायऱ्या उतरताना अक्कांनी कठडा धरला होता, मी त्यांचा दंड. मुलगा पुढं रिक्षा बघायला गेलेला.

“अक्का, हे काय?”

“काय म्हणजे? तुझ्या आईचं पत्र पिठाच्या डब्याखाली ठेवलेलं. रोज काढून वाचायचीस आणि तोंडातून ब्र काढत नव्हतीस. त्यात तुला हे सांगू व्हय?”

“आणि ते खरं मानून मी निघाले तेव्हा?”

“मला काय ठाऊक तू खरंच जाशील!”

दोघी थांबलो. अकरा दिवस पाच लेकरं, सासूबाई, सगळं या बाईनं एकटीनं ओढलं होतं. त्यावर मी कधी दोन शब्दही बोलले नव्हते.

“ती कणीक टाकून गेले होते मी, तिचं काय झालं?”

“काय होणार? वरून वाळली होती. पाण्याचा हात लावला आणि लाटल्या पोळ्या. जरा चिवट झाल्या.” त्यांनी कठडा सोडून माझा हात धरला. “कोणी काही बोललं नाय. खाल्ल्या.”

अजून चौदा पायऱ्या होत्या.