गव्हाणीतलं पुण्य
नाताळ हा देण्याचा सण आहे, घेण्याचा नाही, असं आमचे पप्पा प्रवचनाच्या सुरात सांगत. फळांच्या पेटीतल्या सुक्या गवताचा वास आला की बोरिवलीच्या घरातला तो डिसेंबर आठवतो. कपाटावर रिमोटच्या गाडीचं खोकं होतं आणि खाली नाताळच्या देखाव्यातल्या छोट्या गोठ्यात रिकामी गव्हाण. मी किंवा ताईने सत्कृत्य केलं की तिच्यात गवताची एक काडी ठेवायची. बाळ येशूची गादी भरली तरच खोकं उघडायचं, हा पप्पांचा नियम. आठवड्यातच गव्हाण ओसंडायला लागली. “एवढं पुण्य? या घरात?” आई म्हणाली. “खरं बोला, नाहीतर गाडी दुकानात परत.” आम्ही शपथा घेतल्या, ताई रडलीसुद्धा, पण आईचा संशय काही फिटेना. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं बाजारातून लवकर परतलो, तर पप्पा मूठभर गवत घेऊन गव्हाणीवर वाकलेले. “अहो, हे तुमचं कुठलं सत्कृत्य?” “अगं, ती गाडी वळते कशी, बघायला नको?” गाडी परत गेली नाही. आमच्या हाती मात्र ती नव्या वर्षात आली, पप्पांनी तिचे सेल संपवल्यावर.