फोटो संपतो त्याच्या पुढे

आधीच सांगते, भुताखेतांशी माझं कधी जमलं नाही. आमच्या घरी मांजर आडवं गेलं तर मांजराला दूध मिळायचं, एवढंच. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच विचित्र वाटतंय... पण झालं ते झालं.

नव्वदच्या दशकाचा शेवट. मी इंग्लंडात, लंडनजवळच्या स्लाऊच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या व्हिडिओ कंपनीत एडिटर होते. फोर्कलिफ्ट कशी चालवावी, असल्या ट्रेनिंग फिल्म्स आम्ही करायचो. वॉटफर्डच्या डॉक्टरकाकांना जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर. आणि भारतातून नव्याने आलेल्या आम्हा मंडळींना वडिलांच्या जागी. वर्षश्राद्धाला जमणाऱ्या मंडळींना दाखवायला काकूंनी माझ्याकडे फोटोंची छोटी फिल्म मागितली.

"हा फोटो शेवटी घाल," त्या म्हणाल्या. "यात हसलेत बघ. एरवी कॅमेऱ्यासमोर कुठे हसायचे!"

चर्च हॉलमधल्या गणपतीतला ग्रुप फोटो होता. उजव्या टोकाला काका, आणि त्यांच्या कोटाच्या बाहीवर कुणाची तरी बोटं. बाकीचा माणूस फोटोबाहेर. मला वाटलं, फोटो काढणाऱ्याची चूक.

मी लंच ब्रेकमध्ये काम करायची. फोटो स्कॅन करून त्याच्यावरून फ्रेम डावीकडून उजवीकडे हळूहळू सरकवायची आणि काकांच्या चेहऱ्यावर थांबवायची, असं ठरवलं. त्यासाठी कीफ्रेम लावतात. म्हणजे खुणाच — या सेकंदाला फ्रेम इथे, त्या सेकंदाला तिथे. मधला प्रवास कॉम्प्युटर करतो. शेवटची कीफ्रेम मी लावली: आठवा सेकंद, आडवा आकडा ४२०, म्हणजे डावीकडून मोजत काकांचा चेहरा. आमचं मशीन दिवसातून दोनदा मान टाकायचं, म्हणून प्रत्येक आकडा मी वहीत लिहून ठेवायची.

दुसऱ्या दिवशी बघते तर तीच कीफ्रेम बाराव्या सेकंदाला, आकडा ५४०. फ्रेम काकांवरून पुढे गेली, बोटांवरून गेली, ४८० वर फोटो संपला... तरी सरकतच राहिली. शेवटी नुसता काळा पडदा.

दुरुस्त केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बारा आणि ५४०. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. मी आमच्या इंजिनिअरवर, कॉलिनवर, जाम भडकले. त्याने सगळं तपासलं आणि थंडपणे म्हणाला, "मशीन इज फाइन, लव्ह. यू मस्ट हॅव टाइप्ड इट राँग."

चूक एकदा होईल. तीच चूक तीनदा? मग मी तो शॉट पुसून नव्याने केला, वेगळ्या डिस्कवर घेतला आणि डिस्क पर्समध्ये टाकून घरी नेली. सकाळी लावली तर — बारा, ५४०. तेव्हा मात्र मी घाबरले. खरंच घाबरले.

शनिवारी वॉटफर्डला गेले. कीफ्रेमबद्दल काही बोलले नाही. फोटो पुढे ठेवून फक्त विचारलं, "काकू, या बाजूला कोण होतं?"

काकूंनी फोटोच्या उजव्या कडेवरून बोट फिरवलं.

"मुक्ता. आमची मुलगी."

काकांना मुलगी आहे हेच मला माहीत नव्हतं.

"तिनं इंग्लिश मुलाशी लग्न केलं. ह्यांनी स्वतःच्या हातानं फोटो कापला. म्हणाले, या घरात तिचं नाव घ्यायचं नाही. इल्फर्डला असते... एवढ्याशा अंतरावर. हे गेले तेव्हाही मी कळवलं नाही गं."

"मग वर्षश्राद्धाला तरी बोलवा ना, काकू."

"त्यांचा शब्द आहे. आता ते नाहीत, तर शब्द मागे कोण घेणार?"

मग त्या उठल्या. देवांखालचं लाल वस्त्र उचललं आणि फोटोचा कापलेला तुकडा माझ्या हातात दिला, पाठीमागची कोरी बाजू वर करून. मी तो तसाच पाकिटात ठेवला. तो चेहरा बघायचा धीरच झाला नाही.

सोमवारी दुपारी तुकडा स्कॅन केला, फोटोच्या उजव्या काठाला जोडला. कीफ्रेमला हात लावला नाही. प्ले केलं. फ्रेम काकांवरून पुढे सरकली, बोटांवरून मनगटावर, मनगटावरून खांद्यावर... आणि बाराव्या सेकंदाला थांबली. पडद्याच्या बरोबर मधोमध एक हसरी मुलगी. काकांचंच हसू. मला रडू आवरेना.

तिथूनच काकूंना फोन केला आणि सगळं सांगितलं.

"घेतला म्हणायचा त्यांनी शब्द मागे," त्या म्हणाल्या. "ठेव फोन. मला इल्फर्डला लावायचाय."

वर्षश्राद्धाला मुक्ता आली. मागे, दाराजवळ बसली होती. फिल्म तिच्या चेहऱ्यावर थांबली तेव्हा कुणीतरी विचारलं, "ही कोण?" काकू मोठ्याने म्हणाल्या, "आमची मुक्ता."

तुकडा जोडल्यानंतर ती कीफ्रेम पुन्हा कधीच हलली नाही. वही अजून माझ्याकडे आहे. त्यात माझ्याच अक्षरात चार वेळा 'सेकंद ८, ४२०' लिहिलंय. कॉलिन शेवटपर्यंत म्हणत राहिला की मीच चुकीचं टाइप केलं. असेलही. पण जो चेहरा मी कधी पाहिलाच नव्हता, त्याची जागा माझ्या बोटांना कुठून ठाऊक झाली, हे मला आजही सांगता येत नाही.