कडीची गाठ
ड्रॉवर आवरताना आज पतंगाच्या दोरीची स्टीलची कडी हाताला लागली आणि जयनगरच्या आमच्या गच्चीवरची एक सकाळ आठवली. अर्धांगवायूनंतर सासरे पाच महिने गप्पच होते. जीभ अडखळायची, लोक दोन-दोनदा विचारायचे, म्हणून त्यांनी बोलणंच सोडलं होतं. त्या दिवशी त्यांना बरं वाटावं म्हणून मी त्यांचा मोठा पतंग काढला, पण दोरी कडीला बांधली की निसटायची. ते खुर्चीतून बघत होते. तिसऱ्यांदा गाठ सुटली तेव्हा शेजारच्या गच्चीवरून आमच्या कानडी शेजारीण अक्का म्हणाल्या, "स्वल्प, जरा त्यांनाच विचार की." सासऱ्यांनी डावा हात उचलला. "क... कडीतून दोनदा घाल," ते म्हणाले, "मग पाच वेढे. ओढायच्या आधी... ओली कर." मी दोरीला थुंकी लावून सावकाश ओढली. गाठ घट्ट बसली, पतंग वर चढला आणि दोरी तळहाताला काचू लागली. "ढील दे," ते म्हणाले, अगदी स्पष्ट. दुपारी जेवताना त्यांनी स्वतःहून मीठ मागितलं, आणि सासूबाई वाढायचं विसरून त्यांच्याकडे बघत राहिल्या. आता ते अडखळत का होईना, इतकं बोलतात की घरातले कंटाळतात. मी मात्र त्यांचं कुठलंही वाक्य मध्येच पुरं करत नाही.