डोंगरावर जुळवलेलं इंजिन

सुभेदार यशवंत निकम यांचं माझ्यावर जेवढं ऋण आहे, तेवढं दुसऱ्या कुणाचं नाही. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. ते सातारा जिल्ह्यातले. आता निवृत्त होऊन पाचगणीजवळ स्ट्रॉबेरी लावतात. मी त्यांच्या हाताखाली फौजेच्या वर्कशॉपमध्ये गाड्यांचा मेकॅनिक होतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. परीक्षा आली की उस्ताद माझी गार्ड ड्यूटी पुढे ढकलायचे आणि परत आल्यावर पेपर कसा गेला ते विचारायचे. मी पदवीधर झालो तो त्यांच्यामुळे.

आमचं शेवटचं एकत्र पोस्टिंग लडाखमध्ये होतं. दिवस फर्स्ट परेडनं सुरू व्हायचा. फर्स्ट परेड म्हणजे गाडी बाहेर काढण्याआधीची तपासणी: तेल, पाणी, टायर, ब्रेक. त्यानंतर दिवसभर दुरुस्ती. संध्याकाळचा मोकळा वेळ ज्याचा त्याचा असे. नाईक भगवान खरात तो वेळ एका सायकलीवर घालवायचा. सायकल मात्र तिथं नव्हती. ती आटपाडीपलीकडच्या वस्तीवर, त्याच्या वडिलांकडे होती.

त्याचे वडील, तात्या, त्या सायकलला दोन किटल्या अडकवून रोज दूध डेअरीत घालायचे. वाटेत मोठा चढ. गुडघा गेला होता, पण सायकल सोडून दुसऱ्या कशावर बसायला ते तयार नव्हते. म्हणून सायकललाच इंजिन लावायचं भगवाननं ठरवलं. सुट्टीवरून येताना त्यानं डाळिंबावर फवारणी करायच्या पंपाचं जुनं टू-स्ट्रोक इंजिन, मोडीतल्या मोपेडचा क्लच आणि ड्रम ब्रेक ट्रंकेतून आणला.

उस्तादांनी परवानगी दिली. सरकारी सामानाला हात लावायचा नाही, ही एक अट. दुसरी अट त्यांनी सगळ्यांसमोर सांगितली.

"पहिल्यांदा थांबवायचं बघ. पळवायचं नंतर."

म्हणून भगवाननं आधी मागचं चाक केलं. मोपेडचा ड्रम बाजारातून आणलेल्या सायकलच्या रिमला बसवायला त्याला नव्यानं आरे कापून आटे पाडावे लागले. कित्येक आठवडे चाकाचंच काम चाललं होतं. मी त्याला चिडवलं, "सायकल उभीच हाय रं तुजी. ब्रेक कशाला?"

तो म्हणाला, "तुमा ऊसवाल्यांचं रान सपाट. चढाला उतारबी असतोय, गड्या."

माझं गाव मिरजेजवळ, काळ्या रानातलं, उसाचं.

इंजिन मात्र तिथं नीट चालेना. काळा धूर ओकून बंद पडायचं. उंचावर हवा विरळ, त्यामानानं पेट्रोल जास्त. कार्ब्युरेटरमध्ये पितळेचं छोटं जेट असतं, त्याच्या छिद्रातून पेट्रोल येतं. भगवाननं ते छिद्र डाखानं, म्हणजे वितळवलेल्या कथलानं, बुजवून पुन्हा बारीक पाडलं. त्यानंतर इंजिन स्वच्छ आवाजात चालू लागलं. त्या दिवशी त्यानं सगळ्यांना चहा दिला.

मार्चमध्ये एका दुपारी वायरलेस सेटवर आवाज आला.

"ॲम्ब्युलन्स फिसल रही है. अंदर तीन पेशंट. ओव्हर."

"रिकव्हरी निकालो," उस्ताद म्हणाले.

बंद पडलेल्या गाड्या ओढायची रिकव्हरी गाडी घेऊन उस्ताद, भगवान आणि मी गेलो. वळणावर बर्फ काचेसारखा झाला होता. ॲम्ब्युलन्सची मागची चाकं दरीच्या कडेला होती आणि गाडी सावकाश सरकत होती. मी रिकव्हरीच्या विंचवर, म्हणजे केबल ओढणाऱ्या यंत्रावर थांबलो. उस्ताद केबलचा हूक घेऊन पुढे धावले. हूक अडकवायला वेळ लागणार होता. भगवान दोन लाकडी ठोकळे घेऊन मागे गेला. उस्तादांनी त्याला हाक मारली.

तो म्हणाला, "पहिलं थांबवतो, उस्ताद."

पहिला ठोकळा त्यानं रस्त्याच्या बाजूच्या चाकाखाली लावला, दुसरा दरीच्या बाजूच्या. गाडी थांबली. उस्तादांनी हूक अडकवला, मी केबल ओढायला घेतली. केबलवर भार आला त्याच वेळी भगवानच्या पायाखालची बर्फाची कड सुटली. माझा हात लिव्हरवर होता. भार असताना लिव्हर सोडायची नसते. मी सोडली नाही. गाडी रस्त्यावर आली. तिन्ही पेशंट वाचले. भगवान दुसऱ्या दिवशी सापडला.

त्याचं चाक आणि ट्रंक मी वस्तीवर पोचवली. तात्यांनी ती उघडली नाही. मी निवृत्त होऊन आलो तेव्हा त्यांनीच निरोप धाडला, सायकल जुळवायला ये म्हणून.

मी वस्तीवर जाऊन ट्रंक उघडली, सायकलला त्याचं चाक बसवलं. उजव्या बाजूला पॅडलची चेन, डाव्या बाजूला इंजिनची. इंजिन भगवाननं ठेवलं होतं तसंच बसवलं. सपाटीवर सायकल छान पळाली. चढाच्या मध्यावर इंजिन तापून बंद पडलं. गार करून पुन्हा नेली. पुन्हा तिथंच बंद.

मग माझ्या लक्षात आलं. जेटचं ते बारीक छिद्र मी स्वतः पाहिलं होतं. आटपाडीत हवा दाट. तेवढं पेट्रोल इथं पुरणार नव्हतं. जेट बदलावं लागेल, असं मी तात्यांना सांगितलं.

"न्हाई," तात्या म्हणाले. "त्येनं केल्यालं बदलायचं न्हाई. बंद पडली तर पडू दे."

मी म्हणालो, "तात्या, हे त्यानं डोंगरासाठी केलं होतं. सुट्टीवर आला असता, तर आधी हेच बदललं असतं."

तात्यांनी इंजिनावर हात ठेवला.

"म्हंजी ह्ये अजून तितंच हाय?"

"व्हय."

"मग खाली आन त्येला."

मी सांगलीहून नवीन जेट आणलं. त्यानंतर उस्तादांना लिहिलेलं पत्र असं:

आदरणीय उस्ताद,

जय हिंद. भगवानची सायकल चालू झाली. त्याचं जुनं जेट सोबत पाठवत आहे. ते तुमच्याजवळ असावं, असं तात्या म्हणाले. बाकी सगळं काम त्याचंच आहे, त्याला हात लावलेला नाही.

काल तात्या दूध घेऊन निघाले. चढ एका दमात चढले. मी माथ्यावर उभा होतो; पलीकडच्या उतारावर ते मध्येच थांबले. मला वाटलं काही बिघडलं, म्हणून पळत गेलो. ते सायकलवरच बसून होते, एक पाय जमिनीला टेकवून. काय झालं विचारलं. म्हणाले, "काय न्हाई. थांबती का बघितलं."

थांबली, उस्ताद.

आपला,
सुरेश