चार प्यादी आणि पोळ्यांचा डबा

वाशीच्या आमच्या सोसायटीत गणपतीत बुद्धिबळाची स्पर्धा असते. गेल्या वर्षी फायनलला मी आणि माझा नवरा समोरासमोर बसलो. मी सुरुवातीलाच चार प्यादी पटाच्या मधोमध खांद्याला खांदा लावून पुढे ढकलली.

"अगं, सगळीच उधळलीस की!" म्हणत तो बघ्यांकडे पाहून हसला. पण दहा-बारा चालींत त्याच्या घोड्यांना उभं राहायला घर उरलं नाही, वजीर कोंडला गेला आणि त्याने हार मानून राजा आडवा केला.

आरतीनंतर सेक्रेटरी माइकवर म्हणाले, "वहिनी जिंकल्या, म्हणजे भाऊंनीच जिंकू दिलं!" नवऱ्याने हात जोडले. "काय करणार, घरी राहायचंय मला." हशा, टाळ्या, सगळं त्यालाच.

विजेत्यासाठी आणलेलं घड्याळ जेंट्सचं होतं, म्हणून तेही त्याच्याच मनगटावर बांधलं. मला पाककला स्पर्धेतून उरलेला, पोळ्या गरम ठेवायचा डबा दिला. "बघ, तुझ्या कामाचं मिळालं," तो घरी येताना म्हणाला.

घड्याळ तो रोज घालतो. डबा मी अजून खोक्यातून काढलेला नाही. पोळ्या त्याला गारच मिळतात.