आक्काचं कन्नड

भुताच्या पिक्चरचं मला कॉलेजपासून वेड. जो बघताना मैत्रिणी ओढणीत तोंड लपवायच्या, तो मी शेंगदाणे खात बघायचे. लग्न होऊन सोलापुरात आले तरी वेड सुटलं नाही, फक्त थिएटरच्या जागी मोबाईल आला. त्यातला एक प्रकार माझ्या खास आवडीचा. बाईच्या अंगात सैतान शिरतो. घरचे आधी तिला मनाच्या डॉक्टरकडे नेतात. तो चष्मेवाला शहाणा ‘हा मनाचा आजार आहे’ म्हणतो आणि मध्यंतरानंतर तोंडावर आपटतो. मग धर्मगुरू येतो आणि जिंकतो. असे दहाबारा तरी मी पाहिले असतील. प्रत्येकात सगळ्यांत मूर्ख डॉक्टरच. आमच्या घरात जे झालं त्यात तो मान मला मिळाला, म्हणून हे आधीच सांगून टाकते.

आमचं घर लिंगायत. टॉवेलचा कारखाना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, त्यामुळे दीर आणि नवरा दिवसभर तिकडं. घरात सासूबाई, थोरली जाऊ आणि मी. सासूबाईंना आम्ही अव्वा म्हणतो, जावेला मी आक्का. अव्वाचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडं, म्हणून घरातलं बोलणं निम्म्याहून जास्त कन्नड. आक्का बार्शीची. तेरा वर्षं ती सगळ्या कन्नडला मराठीतून उत्तरं देत आली होती, आणि मला तर ते कळतही नाही.

दिवाळीनंतर आक्काची झोप उडाली. जेवण निम्म्यावर आलं. नळ सोडून मोरीत बसून राहायची. विचारलं तर, “काय न्हाय की,” एवढंच. एका सकाळी अव्वानं भाकरी वाढली तर तिनं ताट सारलं आणि घोगऱ्या, जड आवाजात म्हणाली, “साकाग्याद. ननग साकाग्याद.”

अव्वाच्या हातातलं वाडगं पडलं. “पुरं झालं म्हनतंय,” ती माझ्याकडं बघून पुटपुटली. “मला पुरं झालं, म्हनतंय कुनीतरी हिच्यातनं.”

माझ्या अंगावर काटा आला. आणि खोटं कशाला बोलू, आत कुठंतरी मजाही वाटली. पिक्चरमधली पहिली खूण हीच असते, न येणारी भाषा अचानक तोंडात येणं.

दुसरी खूण चार दिवसांनी सापडली. आमच्यात इष्टलिंग, म्हणजे आपला देवच, गळ्यात असतं, चांदीच्या डबीत, दोऱ्याला बांधून. आजारपण असो, बाळंतपण असो, ते अंगावरून उतरत नाही. पूजेपुरतं तळहातावर घ्यायचं आणि परत गळ्यात. माणूस गेला की त्याच्याबरोबरच ते मातीत जातं. आक्काचं लिंग अव्वाला देवघरात दिसलं, विभूतीच्या वाटीमागं, धुतलेल्या फडक्यात नीट गुंडाळलेलं.

“बघा,” मी म्हणाले, “त्याला सहन होईना. म्हणून तिला काढायला लावलं.”

शिकलेली सून बोलते म्हटल्यावर अव्वाला दुसरा पुरावा नको होता. त्याच दुपारी आम्ही ते परत तिच्या गळ्यात बांधलं. ती नको नको म्हणत होती. अव्वा गाठ मारत होती आणि तिचे हात मी धरले होते. माझ्या बांगड्यांचे वळ तिच्या मनगटावर दोन दिवस होते. दिरांनी रात्री जेवताना विचारलं, दवाखान्यात दाखवायचं का. मी म्हणाले, “दादा, डॉक्टरला यातलं काय कळतंय?” आजही हे वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

होटगीच्या पुढं एका गावात अमावस्येला बाधा उतरवणारा बुवा बसायचा. साखळीला बांधतो, मिरचीची धुरी देतो, असं कानावर होतं. जायचं ठरलं.

अमावस्येच्या सकाळी आक्का लवकर उठली. महिनाभरानं तिनं केस नीट विंचरले, चांगलं लुगडं नेसली. आपल्या मुलीची वेणी घातली, तिला शाळेला लावून दिलं. मग जिन्यावरून परत हाक मारली, तिचा चेहरा बघितला आणि जाऊ दिलं. असं दोनदा केलं. मला ते खटकलं, पण काय खटकलं ते कळेना.

“शांत झालंय बग,” अव्वा दिरांच्या गाडीत मला हळूच म्हणाली. “पुरं झालं म्हनत हुतं न्हवं? आज निघून जानार ते. लई बरं झालं.”

होटगीजवळ रेल्वेचं फाटक बंद होतं. मोटरसायकलवाले इंजिन बंद करून उन्हात उभे होते. मालगाडीला किती वेळ आहे ते विचारायला दीर खाली उतरले. लांबून भोंगा ऐकू आला. आक्कानं गळ्यामागं हात नेले, गाठ सोडली आणि डबी माझ्या हातात ठेवली.

“हे जरा धर की.”

मला वाटलं हिला मळमळतंय, ओकायचं असेल. ती दार उघडून उतरली, फाटकाच्या दांडीखालून वाकली आणि शेजारी विरजण मागायला निघावं तशी सरळ रुळांकडं चालू लागली. किंचाळणं नाही, डोळे फिरवणं नाही. डबी माझ्या मुठीत तिच्या अंगाच्या उबेनं कोमट लागत होती, आणि एका क्षणात मला सगळं कळलं. भुताला लिंग सहन होत नव्हतं हे सगळं माझ्या डोक्यातलं. आक्काला मरायचं होतं, आणि देवाला त्यात सोबत न्यायचं नव्हतं. पुरं झालं म्हणणारी तीच होती. तेरा वर्षं एका घरात भांडी घासली तर भिंतीलाही कन्नड येईल. ती घराला घराच्या भाषेत सांगत होती.

मी धावले. रुळापाशी तिचा दंड पकडला, पण तो एकाच हातानं. दुसऱ्या मुठीत लिंग होतं. ती झटके देत होती, माझी पकड सुटत होती, मालगाडीचं इंजिन आता दिसत होतं. लिंग जमिनीवर पडू द्यायचं नसतं, हे मला कळायला लागल्यापासून शिकवलेलं. मी मूठ उघडली. ते खडीत पडलं, मी दोन्ही हातांनी आक्काला मिठी मारली आणि आम्ही दोघी मागं कोसळलो. गाडी जाईपर्यंत मी डोळे उघडले नाहीत.

अव्वा धापा टाकत आली. तिला खडीतलं लिंग दिसलं, मी तिची नजर बघितली. ते ओलांडून ती आक्कापाशी बसली आणि तिचं डोकं तिनं मांडीवर घेतलं. लिंग नंतर दिरांनी उचललं.

दिरांनी आमची गाडी तिथूनच शहराकडं वळवली, दवाखान्यात. मनाची डॉक्टर एक पन्नाशीची बाई होती, चष्मेवालीच. तिनं आम्हा सगळ्यांना गप्प बसवलं आणि आक्कालाच विचारलं.

“गळ्यात असलं की पाऊल उचलत नव्हतं,” आक्का म्हणाली. मराठीत, नेहमीच्या आवाजात. “म्हनून काडून ठेवलं. ह्या दोघींनी परत बांदलं.”

अव्वा पदरात तोंड घालून रडू लागली. डॉक्टरबाई म्हणाल्या की हा आजार आहे, औषधानं उतरतो, पण वेळ लागेल. आधी काही दिवस इथं ठेवू या. घरी गेल्यावरही हिला एकटीला सोडायचं नाही. मग त्यांनी आक्काला विचारलं, “तुमच्याजवळ कोण असलेलं चालेल?”

आक्कानं माझ्याकडं बोट केलं.

मला ते सोसेना. “डॉक्टर, हिला भूत लागलंय असं मीच सगळ्यांना सांगितलं,” मी म्हणाले. “हात पण मीच धरले.”

“सांगितलं की हिनं,” आक्का म्हणाली. “पर ती माझ्याकडं बगत तरी हुती. बाकी कुनी बगतच नव्हतं.”